पाण्याखालचा उंबरठा

“अहो, बोट पुढे घ्या!” वैजयंती काठावरून ओरडली.

इंग्लंडमधल्या बाथ शहराला लागून असलेला, नव्याने दुरुस्त झालेला जुना कालवा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतो; प्रत्येक पायरीला दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, त्यातलं पाणी कमी करून बोट खाली न्यायची. दोघं भाड्याच्या बोटीने निघाले होते. दुसऱ्या पायरीच्या दगडी हौदात बोट शिरली, मागचं दार लागलं आणि वैजयंतीने काठावरून झडपेची किल्ली फिरवून पुढच्या दारातून पाणी सोडलं. पाण्याबरोबर बोटीचं नाक खाली गेलं. मागची बाजू मात्र वरच राहिली. मागच्या दाराच्या, आतापर्यंत पाण्याखाली असलेल्या दगडी उंबरठ्यावर ती अडकली होती.

“काही होत नाही गं,” सुकाणू धरून उभा असलेला तिचा नवरा भालचंद्र म्हणाला. तेवढ्यात बोट आणखी कलली, आतली भांडी खणखणत घरंगळली आणि तो कठड्याला लटकला.

तिने दोन्ही हातांनी किल्ली उलटी फिरवली. पाणी थांबलं. मग धावत जाऊन तिने मागच्या दाराची झडप उघडून वरचं पाणी आत घेतलं. बोट इंचाइंचाने सरळ झाली.

“मागे फिरूया,” भालचंद्र म्हणाला. छत्तीस वर्षांच्या संसारात हे शब्द तिने पहिल्यांदाच ऐकले.

“वळायला जागा कुठाय?” ती म्हणाली. खाली अजून चार हौद होते.