महिपतीचा हात

उतारावरचं गवत कापताना ट्रॅक्टरचं स्टिअरिंग आपोआप वळलं आणि दौलूच्या डोक्यात तिडीक गेली. कंपनीनं गावातल्या सगळ्या छोट्या ट्रॅक्टरांत शेजारच्या महिपतीच्या हाताचं कसब भरलं होतं. तीस वर्षं दौलूही याच डोंगरावरचं गवत कापत होता, पण त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

त्यानं बटण दाबून ट्रॅक्टरातला महिपतीचा तो हात बंद केला. महिपती ट्रॅक्टर नेहमी उभा उतरवायचा, म्हणून दौलूनं मुद्दाम आडवा घातला. वरच्या बाजूची चाकं उचलली गेली. तसा तो हात आपसूक जागा झाला आणि ट्रॅक्टर सावरला.

त्याची बायको हिराबाई धावत आली. "महिपतीभावजींनी माझं कुंकू राखलं! त्यांना उद्या जेवायला बोलवा."

दौलू खाली उतरला. उरलेला डोंगर त्यानं विळ्यानं कापला.