शुद्ध प्रत

"ताई, हे 'आहेतात' म्हणजे काय?" तोतारामनानांनी कागदावर बोट ठेवलं.

पिंप्राळ्यातल्या टायपिंग सेंटरची मयुरी काउंटरवरून वाकली. 'आपल्या आहेतात कापूस फुटेल तेव्हा तू बोलायला लागशील, आणि मी ऐकायला नसेन.' तिनं जीभ चावली.

"शेतात, काका! सगळीकडे 'शे' 'शे' होतं ना, ते एका झटक्यात 'आहे' करून टाकलं. तर शेताचंही 'आहेत' झालं बघा." ती हसली. नाना हसले नाहीत.

बावीस वर्षांपूर्वी धुळ्याच्या दवाखान्यात बेबाबाई खाटेवरून हे बोलली होती, तीन महिन्यांच्या नूतनला कुशीत घेऊन. आपण उठत नाही, हे तिला कळलं होतं. नवऱ्याला तिनं आपल्या अहिराणीत बजावलं, "आंडेरले हयद लागी त्या दिन हाई वाची दाखाडजो." पोरीला हळद लागेल त्या दिवशी हे वाचून दाखवायचं. नानांनी तिच्या तोंडून निघालं तसं उतरवून घेतलं. शिंदखेड्याच्या शाळेत ते क्लर्क होते. तिथल्या कॉम्प्युटरवर टाईप करून सीडीवर घेतलं आणि कागद फाडून टाकले. कागदाला वाळवी लागते, सीडीला काय लागणार! माणूस शहाणपणा करायला जातो तो नेमका असा.

आता नूतनची हळद परवावर आली होती, म्हणून ती सीडी त्यांनी इथं छापायला दिली होती.

"आणि इथं 'मुली' कसं आलं?"

"तिथं 'आंडेर' असं काहीतरी येत होतं. मला वाटलं, जुना फॉन्ट बदलताना अक्षरं फुटली." मयुरी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. अहिराणी तिच्या कानांवरून गेली असेल, कानांत शिरली नव्हती. "वाक्यंपण सगळी नीट केली, काका. चार दिवस बसले. हळदीत चारचौघांसमोर वाचायचं म्हणालात ना, मग शुद्ध नको?"

पोरीला दोष द्यायला जीभ रेटेना. नाना पुढे वाचत राहिले. 'मुली, तू आपल्या आरोग्याची काळजी घ्यावीस.' बेबाबाईनं जन्मात आरोग्य हा शब्द उच्चारला नव्हता.

"आधीची फाईल असेल ना?"

"त्याच्यावरच सेव्ह केली. सीडी तर दुसऱ्यांदा लागलीच नाही, वरचा पापुद्राच निघाला. पण आता अजिबात काळजी नको. पेनड्राइव्हवर आहे, तुमच्या ईमेलवर आहे, माझ्याकडेही आहे. किती का वर्षांनी बघा, कुठल्याही मोबाईलवर उघडेल."

नाना मागच्या खुर्चीत बसले. बायको गेली तेव्हाही हा माणूस इतका हवालदिल झाला नव्हता; तेव्हा तिचं बोलणं तरी हाताशी होतं.

मयुरीच्या आता कुठे ध्यानात आलं. तिनं घाईघाईनं कीबोर्ड पुढे ओढला. "तुम्ही सांगा काका, आधी कसं होतं ते. मी आत्ता परत टाईप करते. एकेक शब्द सांगा."

"मन्ही आंडेर…" नाना म्हणाले आणि थांबले. पुढचं येईना. त्यांनी डोळे मिटून पाहिलं, दवाखान्याची खाट आठवून पाहिली. खाट आठवली, सलाईनची बाटली आठवली, तिचे ओठ हललेले आठवले. भाषा काही ते विसरले नव्हते. समोरचा अख्खा कागद अर्ध्या तासात त्यांनी अहिराणीत करून दिला असता.

"मी सांगसू ते मन्हं व्हई, बेटा," ते म्हणाले. "तिन्हं नही."

मयुरीनं कीबोर्ड हळूच मागे सारला.

तेवढ्यात शेजारच्या टेलरकडून ब्लाउजची पिशवी घेऊन नूतन आली. "झालं का, नाना? द्या ना, बघू. परवापर्यंत मला दम निघत नाही." आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं कागद ओढून घेतला.

नानांना वाटलं, थांबवावं. पण काय सांगून थांबवायचं?

ती उभ्यानंच वाचायला लागली. आईचा फोटो एकच होता घरात, तोही लग्नातला, पदरात अर्धा चेहरा लपलेला. आवाज तर कुणाकडेच नव्हता. अधाशासारखी वाचत होती पोर. मग तिचा वेग मंदावला. शेवटच्या ओळीपर्यंत गेली, कागद उलटून पाहिला, मागं कोरं होतं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"नाना," ती हळूच म्हणाली, "आई माझ्याशी अशी परक्यासारखी का बोलते?"