मागचं डावं चाक

व्हॅन जॅकवर चढवलेली होती आणि चारही चाकं थांबलेली होती. तरी मेकॅनिकच्या स्कॅनरवर मागच्या डाव्या चाकाचा वेग चाळीस दिसत होता. आमच्या बाळाची सीट नेमकी त्याच चाकावर येते.

“वायर घासलीय, वहिनी,” म्हणत त्याने चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरचा सोललेला भाग कापला आणि नवा तुकडा जोडून टेप गुंडाळली.

आकडा पन्नासवर गेला.

“आज जाणं राहू दे ना,” मी नवऱ्याला म्हणाले.

“माझ्या आईकडे जायचं म्हटलं की हिची गाडीसुद्धा आजारी पडते,” तो मेकॅनिकला म्हणाला. दोघं हसले.

“थांबा, आता शून्य येईल,” म्हणून मेकॅनिकने सेन्सरचा प्लगच उपटला. साठ. सत्तर. मोकळा प्लग हातात धरून तो स्क्रीनकडे बघत राहिला. आता तो हसत नव्हता.

थांबणाऱ्या गाडीचा आकडा हळूहळू उतरतो. हा उतरला नाही. ब्याऐंशीवरून एकदम शून्य झाला.

“झाली बघ नीट,” नवरा म्हणाला आणि बाळाला पट्टा बांधायला त्याने माझ्या कडेवरून उचललं.

मी मेकॅनिककडे पाहिलं. तो खाली मान घालून जॅक उतरवू लागला.