ओळखीचे आवाज

छापखान्यातल्या यंत्रांच्या धडधडीत छत्तीस वर्षं काढलेल्या मशीनमनचे कान निवृत्तीआधीच गेले होते. ज्येष्ठांच्या मोफत शिबिरात त्याला कानाचं मशीन मिळालं, तेव्हा तिथल्या बाईंनी बजावलं, "काका, पहिले आठ दिवस घरातच वापरा. ओळखीच्या आवाजांची सवय होऊ द्या आधी."

घरी आल्यावर त्याने नळाचं ठिबकणं ऐकलं, पंख्याची कुरकुर ऐकली. "आता मला टोमणे मारताना जपून हं!" असं बायकोला चिडवलंही. ती हसली आणि कामाला लागली.

दुपारी तो मशीन न काढताच जरा आडवा झाला. डोळा लागतो न लागतो तोच आतल्या खोलीतून बायको कुणाशी तरी बोलताना ऐकू आली. ती खोली लेकीची. लेक वारली त्याला नऊ वर्षं झाली होती. त्यानंतर बायकोने तिचं नावसुद्धा कधी काढलं नव्हतं, आणि "आमच्या हिने मन घट्ट केलं," असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

तो उठून दाराशी गेला. रिकाम्या पलंगाच्या कडेला बसून बायको उशीवरून हात फिरवत होती.

"बाकी सगळं रोजचंच गं राणी. पण यापुढे आपल्याला हळू बोलावं लागेल हं. बाबांना आता ऐकू येतं."

तो पाय न वाजवता मागे फिरला.



मग त्याने मशीन काढून डबीत ठेवलं आणि तो बाहेरच्या खोलीतून मोठ्यांदा ओरडला, "अगं ए, फुकटातलं मशीन ते! बंद पडलं बघ!"