सुरगाठ

धरणात बुडालेल्या जुन्या गावातली देवी वर काढायला देवाप्पा बुडी मारणार होता. भरमानं ट्रकची ट्यूब आणली.

"ही देवळाच्या दारात अडकंल रं. लांबोडा भोपळाच बरा," म्हणत देवाप्पानं भोपळा पाठीला बांधला आणि पोटावर सुरगाठ मारली. अडकलाच, तर ओढली की सुटते.

लहानपणी विहिरीवर पोहायला शिकताना आई मात्र भोपळ्याच्या दोरीला निरगाठच मारायची. "सुरगाठ दगा देती, लेका." आईला मूठमाती दिलेली जागाही आता पाण्याखालीच होती.

धोंडा छातीशी धरून तो तळाला गेला. देवळाच्या दारात भोपळा अडकलाच. त्यानं सुरगाठ ओढली. दोरी सुटली, भोपळा पाठीवरनं निसटला, आणि त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

शुद्धीवर आला तेव्हा तो काठावर होता. भरमा त्याच्या पोटावरच्या दोरीशी झटत होता. "भोपळ्यानं वर आणलं बगा अण्णा तुमास्नी. पर ही निरगाठ काय सुटंना. कापू काय?"



देवाप्पानं ती ओली गाठ मुठीत घट्ट धरली. "नगं रं. ऱ्हाऊ दे जरा."