वसंतातला जडपणा

बेकरीवाल्या वहिनी जिना चढून आल्या आणि चटई न पसरता तशाच भिंतीला टेकून बसल्या. जिन्यात दोनदा थांबावं लागलं, म्हणाल्या. आठवडाभर अंग जड आहे, डावा खांदा भरून येतो, दुपारी काउंटरवरच डोळा लागतो. हसत हसतच सांगत होत्या. पहाटे तीनला भट्टी पेटवणाऱ्या बाईला थकव्याचं काय कौतुक!

वर्गातल्या सगळ्यांनी योगबाईंकडे पाहिलं. उत्तर प्रत्येकाला पाठ होतं. भिंतीवर बाईंनी स्वतःच्या हाताने रंगवलेला सहा ऋतूंचा तक्ता होता, आणि बावीस वर्षं हा वर्ग त्या तक्त्याच्या हुकमावर चालत होता. उन्हाळ्यात निम्म्या ताकदीने, पावसाळ्यात सावकाश, थंडीत घाम फुटेपर्यंत. वसंतात थंडीभर साठलेला कफ पातळ होतो, अंग जडावतं, तेव्हा दिवसा झोपायचं नाही आणि नमस्कार वाढवायचे. बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ऊठसूट डॉक्टरकडे पळणाऱ्यांची त्या अशी फिरकी घेत, की माणूस पुढच्या वेळी ताप लपवून वर्गाला येई.

"वसंत आहे हो वहिनी," टॅक्सीवाल्याने बाईंचाच आवाज काढला. "बारा नमस्कार जास्त घाला."

वर्ग हसला. मागे खुर्चीत बसलेले फोरमनही हसले. फोरमन म्हणजे बाईंचे यजमान. कारखान्यातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी नाव तेच चिकटलं होतं. पंधरवड्यापासून ते खुर्चीत बसत, पाठीशी उशी, पाय सुजून चपलेत न मावणारे. घरी थांबा म्हटलं तर ऐकत नसत.

बाई तेवढ्या हसल्या नाहीत. दीड महिन्यापूर्वी फोरमननी हीच तक्रार केली होती. जडपणा तोच, खांदाही तोच. बाईंनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलं होतं आणि रोज चोवीसचे छत्तीस नमस्कार करायला लावले होते. एकदा ते मध्येच चटईवर बसले, तर बाईंनी सगळ्यांदेखत टाळ्या वाजवून त्यांना उठवलं होतं. फोरमन उठले होते. बाईंचं कधी मोडायचं नाही, हा त्यांचा जुना नेम.

तो कफ नव्हता. झटका येऊन गेला होता, हे इस्पितळातल्या डॉक्टरने बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. लगेच आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं, आता हृदयात ऑपरेशन सोसण्याइतकीही ताकद उरली नाही. वर इतकी मेहनत यांच्याकडून कोणी करून घेतली, असं त्याने विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, माहीत नाही. फोरमन उन्हाळा काढतील की नाही, हेही डॉक्टर सांगेना. बाईंनी घरी येऊन एवढंच सांगितलं, की अशक्तपणा आहे, गोळ्यांनी जाईल. वर्गालाही तेच सांगितलं.

वहिनी कशाबशा उठल्या आणि पहिल्या नमस्काराला हात जोडून उभ्या राहिल्या. ओठ राखेसारखे दिसत होते. बाईंना कळून चुकलं. गप्प बसलं तर वहिनी जीवानिशी जायच्या, आणि बोललं तर फोरमनचं काय झालं ते सगळ्यांना कळायचं. फोरमननाही.

"खाली बसा," बाई म्हणाल्या. "नमस्कार घालायचे नाहीत. आत्ताच्या आत्ता इस्पितळात जा, हृदय तपासून घ्या."

टॅक्सीवाला हसायचा थांबला आणि किल्ली शोधू लागला.

"अहो पण बाई," वहिनी गोंधळून म्हणाल्या, "फोरमननाही असंच होत होतं ना? त्यांना तर तुम्ही..." पुढचं त्यांनी गिळलं.

कोणी कोणाकडे बघेना. बाईंनी तोंड उघडलं. 'मी चुकले', दोनच तर शब्द होते. बावीस वर्षांत ते कधी लागले नव्हते, आता ओठांवर येईनात. लाजेने त्यांचे कान तापले.

"ही रोज घरी कानीकपाळी ओरडत होती, डॉक्टरकडे चला म्हणून," मागून फोरमन म्हणाले. बोलताना त्यांना दम लागत होता. "मीच ऐकलं नाही. तुम्ही तसं करू नका, वहिनी."

कोणाला त्या टाळ्या आठवल्या असतील, तर त्याने तसं दाखवलं नाही. टॅक्सीवाला वहिनींना धरून खाली घेऊन गेला. शेजारच्या चटईवरच्या आजींनी उठून बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. माणूस ऐकतच नाही म्हटल्यावर तुम्ही तरी काय करणार, म्हणाल्या.

बाईंनी ते ऐकून घेतलं. नाही म्हणाल्या नाहीत. मग सगळ्यांना पाठीवर झोपायला सांगितलं, आज एवढंच, म्हणाल्या. हात बाजूला, श्वास सावकाश, डोळे मिटा.

सगळ्यांनी डोळे मिटले. फोरमननी मिटले नाहीत. ते बाईंकडे बघत राहिले, अगदी शांतपणे, आणि शेवटी बाईंनीच मिटले.