हुबेहूब

इंटरच्या निकालात त्रिवेणी पुन्हा नापास झाली, तेव्हा तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये तिच्या वडिलांनी, हिम्मतरावांनी, आधी तिचा मोबाईल भिंतीवर आपटून फोडला आणि मग कमरेचा पट्टा काढला.

"कोठी बाजारातल्या पुस्तकवाल्याची नक्कल येते, प्रिन्सिपल मॅडमची येते, मग फिजिक्स कायकू येत नाही? नकला करणं म्हणजे शिकणं असतंय का गं?"

मध्ये पडलेल्या बायकोला, भामाला, त्यांनी असं ढकललं की शोकेसच्या कोपऱ्यावर आपटून तिच्या कपाळातून रक्त आलं. पट्ट्याचा पहिला फटका पोरीच्या खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. पुन्हा हात वर गेला आणि भिंतीला पाठ लावून त्रिवेणी गरजली,

"हात पुढं कर! तोंडातून आवाज निघाला तर चामडी सोलून काढीन!"

हिम्मतरावांच्या हातातला पट्टा गळून पडला. पन्नाशीचा तो माणूस दोन्ही हातांनी डोकं झाकून मटकन खाली बसला. "नक्को आबा... नक्को," तो पुटपुटत राहिला. तोच घोगरा आवाज, तीच जरब. त्रिवेणीच्या जन्माआधीच वारलेला त्यांचा बाप जणू समोर उभा होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. "आबांची नक्कल... तुला कुणी शिकवली?"

मानेवरचा वळ चोळत त्रिवेणी आपल्या खऱ्या आवाजात म्हणाली,



"आबांना मी कधी ऐकलंच नाही, पप्पा. मी तुमची नक्कल केली."